गेमला हो म्हणण्याआधी

प्ले स्टोअरवर कुठलाही गेम उघडा. नावाखालच्या पट्टीत तारे असतात, किती जणांनी तो डाउनलोड केला ते असतं आणि शेजारी एका छोट्या चौकोनात एक आकडा असतो: ३+, ७+, १२+, १६+ किंवा १८+. आपली नजर ताऱ्यांवर जाते आणि बोट ‘इन्स्टॉल’वर. त्या चौकोनावर बोट ठेवून पाहा. हिंसा कोणत्या प्रकारची आहे, भाषा कशी आहे, खेळणारे एकमेकांशी बोलू शकतात का, गेममध्ये पैसे देऊन खरेदी करता येते का, हे तिथे थोडक्यात लिहिलेलं असतं. मुलगा ‘आई, हा घेऊ का?’ म्हणत फोन पुढे करतो, तेव्हा हो किंवा नाही म्हणण्याआधी एवढं वाचायला काही सेकंद पुरतात.

हा आकडा कोणी सरकारी अधिकारी गेम खेळून देत नाही. फोनवरच्या गेमसाठी बनवणारी कंपनी एक प्रश्नावली भरते, रक्त दाखवता का, माणसं मरतात का, जुगारासारखं काही आहे का वगैरे, आणि त्या उत्तरांवरून वयोगट ठरतो. म्हणजे आकडा निरुपयोगी नाही, पण त्याला सुरुवात समजावं, निकाल नव्हे. ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’ या प्लेस्टेशनवरच्या गेमला अमेरिकेतल्या ईएसआरबी या रेटिंग देणाऱ्या संस्थेने ‘टीन’ म्हणजे तेरापासून पुढे असं रेटिंग दिलं, आणि युरोपातल्या पेगीने त्याच गेमला १६ दिलं. गेम तोच, मारामारी तीच. परीक्षक बदलले की तीन वर्षांचा फरक पडतो. आपल्याकडे सिनेमाला सेन्सॉर बोर्ड आहे, ‘ए’ प्रमाणपत्राच्या सिनेमाला थिएटरच्या दारावर मुलाला अडवायला कोणीतरी उभं असतं. गेमसाठी असं दार नाही, त्यामुळे ते काम घरातच करावं लागतं.

आणखी एक गोष्ट बहुतेक घरांत सुटते. मूल खेळतं ते आई-बाबांच्या फोनवर, आणि त्या फोनमधलं खातं असतं चाळिशीच्या माणसाचं. स्टोअरच्या दृष्टीने समोर प्रौढ ग्राहक बसलेला असतो, म्हणून ते १८+ सुद्धा निमूट समोर ठेवतं. मुलाचं स्वतंत्र खातं असेल तरी ते काढताना ‘चालत नाहीये’ म्हणून जन्मसाल मागे ढकललेलं असतं. आधी ते साल तपासा. गुगलचं फॅमिली लिंक वापरून मुलाचं खातं खऱ्या वयाने काढलं, तर नवा गेम टाकताना परवानगीची विचारणा तुमच्या फोनवर येते. निदान तुमच्या नकळत काही घडत नाही.

आता हिंसेकडे येऊ. पालक गेमवर एक नजर टाकतात, बंदूक दिसते आणि प्रश्न पडतो, याने मूल हिंसक होईल का? या प्रश्नावर जगभर अभ्यास झाले आहेत आणि त्यांचं उत्तर टीव्हीवरच्या चर्चेइतकं सोपं नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये आपली भूमिका पुन्हा स्पष्ट केली: हिंसक गेम आणि ओरडणं, ढकलणं यांसारखं आक्रमक वागणं यांच्यात थोडासा पण पुन्हापुन्हा दिसणारा संबंध आहे, मात्र खऱ्याखुऱ्या हिंसाचाराचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही. त्याच्या आदल्याच वर्षी ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला, आणि त्यांना हिंसक गेम व आक्रमक वागणं यांचा संबंध आढळला नाही. तेव्हा बीजीएमआयसारखा बंदुकीचा गेम खेळणारा मुलगा उद्या गुंड होईल या भीतीने निर्णय घेऊ नका. काळजी करावी अशा गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या पहिल्या नजरेत दिसत नाहीत.

रक्त दिसतं म्हणून त्याचीच चर्चा होते, हे आजचं नाही. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा मारामारीचा गेम १९९३ मध्ये अमेरिकेत घरगुती यंत्रांवर आला. निन्टेंडोने आपल्या आवृत्तीत रक्ताचा रंग घालवून तो घामासारखा करडा केला, तर सेगाच्या आवृत्तीत एक गुप्त कोड दाबला की रक्त उसळायचं. त्या वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकी सिनेटमध्ये सुनावणी झाली आणि पुढच्या वर्षी ईएसआरबी जन्माला आलं. आपल्याकडच्या बीजीएमआयमध्येही गोळी लागल्यावर जे उडतं ते हिरवं दाखवलं गेलं, आणि ‘किल’ऐवजी ‘फिनिश’ हा शब्द आला. रंग बदलल्याने सात वर्षांच्या मुलाची रात्रीची झोप कदाचित वाचत असेल. तेरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत या रंगकामाने काहीच फरक पडत नाही, असं मला वाटतं.

बंदीबद्दलही एक गैरसमज आहे. पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, जुलै २०२१ मध्ये तो बीजीएमआय होऊन परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गायब झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा दाखल झाला. फ्री फायर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झाला. या बंदीची कारणं देशाची सुरक्षा आणि भारतीयांची माहिती परदेशात जाणं ही होती. मुलांवर काय परिणाम होतो हा विषयच तिथे नव्हता. तेव्हा ‘सरकारने परत चालू केलाय म्हणजे चांगला असणार’ हा मुलाचा युक्तिवाद आणि ‘सरकारने बंद केला होता म्हणजे वाईटच’ हा आजोबांचा, दोन्ही बाजूला ठेवा.

मग नेमकं पाहायचं काय? बीजीएमआयचा एक क्लासिक सामना शेजारी बसून पूर्ण पाहा. विमानातून शंभर जण एका बेटावर पॅराशूटने उतरतात, रिकाम्या हाताने. मग घरोघरी शिरून बंदूक, हेल्मेट, जाकीट, औषधाची पेटी गोळा करायची. सुरक्षित वर्तुळ हळूहळू आक्रसत जातं, त्याच्या बाहेर राहिलात तर जीव कमी होत जातो. शेवटी जो किंवा जी टोळी उरेल ती जिंकली. सामना अर्धा तास चालतो आणि त्यातला बहुतेक वेळ पळण्यात, लपण्यात आणि शोधाशोधीत जातो. गोळीबार काही सेकंदांचा. मेलेल्याच्या जागी सामानाची पेटी उरते, ती उघडून त्याचा माल घ्यायचा. साथीदार गोळी लागून ‘नॉक’ झाला तर आडोशाला नेऊन त्याला उठवायचं. बेटावर सामान्य माणूस कोणी नाही, प्रत्येकाच्या हाती शस्त्र आहे. खेळाचा ढाचा पाहिला तर तो लपाछपी आणि चोर-पोलिसांच्या बराच जवळचा आहे.

आता त्याच अर्ध्या तासात कान उघडे ठेवा. मुलाचा हेडफोन काढायला सांगा आणि आवाज स्पीकरवर घ्या. ओळखीचे तिघे नसतील तर गेम अनोळखी माणसं जोडून देतो. त्यांतला एखादा बावीस वर्षांचा असतो, एखादा दहाचा. चूक झाली की आई-बहिणीवरून सुरुवात होते, ‘नूब’ ही त्यातली सगळ्यात सभ्य शिवी. सामना संपल्यावर फ्रेंड रिक्वेस्ट येते, मग दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपवर ये म्हणून आग्रह, मग ‘तुझा आयडी-पासवर्ड दे, रँक वाढवून देतो’. वयाच्या चौकोनातला आकडा यातलं काहीच मोजत नाही, कारण हे कंपनीने बनवलेलं नसतं, ते रोज नवं घडतं. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी माझ्या मते अट एकच असावी: ज्यांना प्रत्यक्ष ओळखतोस त्यांच्याशीच माइक चालू, बाकी वेळी माइक आणि समोरच्याचा आवाज दोन्ही बंद. ही सोय गेमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये असते आणि मुलाला ती नक्की माहीत असते. त्यालाच दाखवायला सांगा.

दुसरी गोष्ट घड्याळाची. हा सामना मध्येच थांबवून ठेवता येत नाही. ‘जेवायला ये’ म्हटल्यावर ‘पाच मिनिटं, मॅच चालू आहे’ हे उत्तर दर वेळी उद्धटपणाचं नसतं. तो उठला तर तिघे साथीदार अडचणीत येतात आणि त्याची रँक घसरते. म्हणून वेळ मिनिटांत ठरवू नका, सामन्यांत ठरवा: शाळेच्या दिवशी एक, रविवारी दोन-तीन, आणि जेवणाच्या अर्धा तास आधी नवा सुरू करायचा नाही. २०२३ मध्ये परतलेल्या बीजीएमआयने अठराखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली. शाळा, क्लास आणि गृहपाठ असलेल्या मुलासाठी तीन तास ही मर्यादा कसली, ती तर चैन झाली.

बीजीएमआयच्या अगदी उलट बाजूला ‘जीटीए फाइव्ह’ आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये आलेला हा गेम आजही मुलांच्या तोंडी आहे. सायबर कॅफेच्या काळात याच मालिकेतला ‘व्हाइस सिटी’ खेळलेले आजचे बाबा तो सहज घेऊन देतात, कारण त्यांना आठवतं ते फक्त गाडी पळवणं. मुलगाही तेच सांगतो, ‘मी फक्त गाडी चालवतो.’ ते खोटं नसतंही, तासन्‌तास नुसतं शहरात फिरणारी मुलं आहेत. पण या गेमचं रेटिंग युरोपात १८ आणि अमेरिकेत १७+ आहे, आणि इथे परीक्षकांशी वाद घालण्यासारखं काही नाही. लॉस सँटोस या शहरात निःशस्त्र माणसं रस्त्याने चाललेली असतात. त्यांना गाडीखाली चिरडता येतं, मारलं तर त्यांचे पैसे उचलता येतात. पोलीस मागे लागतात, थोडा वेळ लपलं की ते विसरून जातात. कथेच्या ओघात एका खुर्चीला बांधलेल्या माणसाचा छळ करायचा प्रसंग येतो, आणि हत्यार निवडून तो छळ करायचा असतो खेळणाऱ्याने. स्ट्रिप क्लब आहे, अमली पदार्थ आहेत. हे सगळं अमेरिकेच्या लोभावर आणि ढोंगावर केलेली बोचरी थट्टा आहे हे खरं, आणि मोठ्या माणसाला तो गेम त्यासाठी आवडू शकतो. पण थट्टा कळायला ज्याची थट्टा चालली आहे ते जग माहीत असावं लागतं. आठवीतल्या मुलाला छळ दिसतो, थट्टा दिसत नाही. शाळकरी मुलाला हा गेम नको, आणि इथे तडजोडीचा मार्गही मला दिसत नाही.

दोन्ही गेम शेजारी ठेवले की काय तपासायचं ते आपोआप पुढे येतं. समोरचा कोण आहे, शस्त्रधारी शत्रू, राक्षस, की रस्त्यावरचा माणूस? मारण्यावाचून पुढे जाताच येत नाही, की लपून, पळून, बोलूनही मार्ग निघतो? मरणाऱ्याच्या वेदना दाखवून त्यातच मजा घ्यायला लावलं जातं का? विनाकारण क्रूरपणा केल्याबद्दल गेम बक्षीस देतो का? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये काढलेला ‘राजी’ पाहा. एक मुलगी पळवून नेलेल्या लहान भावाच्या शोधात राक्षसांशी लढते. लढाई भरपूर आहे, त्रिशूळाने वार होतात. पण कोण कोणाशी का लढतंय हे मुलाला प्रत्येक क्षणी ठाऊक असतं, गेमला शेवट आहे, आणि पलीकडून शिवी देणारा कोणी नाही. म्हणून मला पुष्कळ वेळा असं वाटतं की कथा असलेला, एकट्याने खेळायचा मारामारीचा गेम पारखायला सोपा असतो. एकदा पाहिला की तो कसा आहे ते कळलं, उद्या तो बदलणार नाही. ‘फोर्टनाइट’मध्ये रक्ताचा थेंब नाही, चित्रं कार्टूनसारखी, युरोपातलं रेटिंग १२. तरी तिथलं दुकान, तिथले अनोळखी खेळाडू आणि न संपणारे सामने यांवर लक्ष बीजीएमआयइतकंच ठेवावं लागतं.

गेम पाहण्यासाठी ट्रेलर पाहू नका, ती जाहिरात असते. यूट्यूबवर कुणी नुसता खेळलेला, बडबड नसलेला व्हिडिओ शोधा आणि मधूनच वीसेक मिनिटं पाहा, कारण सुरुवातीचे टप्पे बहुधा सौम्य असतात. मग मुलाला म्हणा, मला शिकव. तुमच्या हातात फोन देऊन ‘अहो बाबा, तिकडे नाही, इकडे!’ करताना तो जे सांगेल ते तुम्ही विचारून कधीच सांगितलं नसतं. आणि जाता जाता, गेम नाकारला पण त्याच गेमचे स्ट्रीमरचे व्हिडिओ मोकळे सोडले, तर शिव्या घरात यायच्या त्या येतातच.

पैशांचं प्रकरण वेगळं बघा. गेम फुकट असतो, पोशाख फुकट नसतो. बीजीएमआयमध्ये यूसी, फ्री फायर मॅक्समध्ये डायमंड, हे खरे पैसे देऊन घ्यायचं खेळातलं चलन. त्या चलनाने बंदुकीवरचे रंग, कपडे किंवा नशिबाची पेटी घ्यायची, जिच्यात काय निघेल ते उघडल्यावर कळतं. वर्गात ‘डीफॉल्ट’ कपड्यात फिरणाऱ्याची टर उडते, हा दबाव खरा आहे, त्याला हसू नका. फोनमध्ये कार्ड किंवा यूपीआय जोडलेलं असेल तर प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सेटिंग आजच चालू करा, आणि तो पासवर्ड मुलाच्या वाढदिवसाचा ठेवू नका. अमेरिकेत फोर्टनाइटच्या कंपनीला २०२२ मध्ये चुकून घडणाऱ्या खरेदीच्या प्रकरणात २४.५ कोटी डॉलर ग्राहकांना परत देण्याचं कबूल करावं लागलं. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा झाला, पण तो पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांसाठी आहे. पोशाख विकणारा बंदुकीचा गेम त्यात येत नाही. त्यामुळे महिन्याला किती द्यायचे, की काहीच नाही, हे घरातच ठरवायला हवं, आणि आधी ठरवायला हवं.

इतका वेळ गेमबद्दल बोललो. अर्धा निर्णय मात्र मुलाकडे पाहून होतो, आणि त्याला वयाचा आकडा अपुरा पडतो. एक तेरा वर्षांचा मुलगा हरल्यावर चरफडतो, पाणी पितो, पाच मिनिटांत सायकल काढून जातो. दुसरा तासभर धुमसतो, बहिणीवर हात उगारतो, रात्री झोपेत दचकतो. दोघांना एकच नियम लावण्यात अर्थ नाही. नवा गेम दिला की पहिले काही दिवस खेळानंतरचा अर्धा तास निरखा, खेळतानाचा नव्हे. खेळताना आरडाओरडा तर गल्लीतल्या क्रिकेटमध्येही होतो.

आणि त्या खोलीत आणखी कोण आहे ते बघा. दोन खोल्यांच्या घरात दादा कॉटवर बसून खेळतो आणि पाच वर्षांची धाकटी त्याच्या खांद्यावरून पाहते. दादाला ठाऊक असतं की हा खेळ आहे. तिच्यासाठी मेलेला माणूस मेलेलाच. मोठ्याच्या वयाला योग्य म्हणून दिलेला गेम घरातल्या सगळ्यात लहान मुलाने पाहिलेला चालेल का, हा प्रश्न विचारूनच जागा आणि वेळ ठरवा.

नाही म्हणायचं ठरलं तर कारण सांगा, आणि ते खरं सांगा. ‘डोळे खराब होतात’ म्हणून जीटीए नाकारलात तर तो चष्मा लावून परत येईल. ‘वर्गातले सगळे खेळतात’ हे वाक्य येणारच. त्यावर दोन-तीन मित्रांच्या घरी फोन करा. पुष्कळदा त्या घरांतही तुमच्या मुलाचंच नाव सांगितलेलं असतं. पालकांनी मिळून एक मर्यादा ठरवली तर एकट्या मुलावर वेगळं पडण्याची वेळ येत नाही. नकाराबरोबर दुसरं काही हातात द्या. मारामारीची हौस असेल तर ‘राजी’सारखा गेम, मित्रांबरोबर खेळायचंच असेल तर माइनक्राफ्ट, जिथे ‘पीसफुल’ निवडलं की अंगावर येणारे राक्षस उरतच नाहीत.

आधीच दिलेला गेम परत घ्यायची वेळ आली, तर रागाच्या भरात डिलीट करू नका. त्या खात्यात त्याची कित्येक महिन्यांची रँक असते, जमवलेले पोशाख असतात, आणि चार खरे मित्र रोज नऊ वाजता तिथेच भेटत असतात. चालू सीझन संपेपर्यंतची मुदत द्या, तारीख आधी सांगा, मित्रांना निरोप द्यायला वेळ द्या, आणि ते नऊ वाजता दुसरीकडे कुठे भेटतील हे त्याच्याबरोबर बसून ठरवा. एवढं करूनही तो थांबूच शकत नसेल, शाळा, झोप, जेवण सगळं मागे पडलं असेल आणि हे महिनोन्‌महिने चाललं असेल, तर ते लाडाचं किंवा हट्टाचं प्रकरण समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या यादीत गेमिंगच्या विकाराला जागा दिली आहे, आणि ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू आहे. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये अशा मुलांसाठी वेगळं क्लिनिक आहे, आणि घरबसल्या बोलायचं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. पहिला फोन पालकांनी करायचा, मुलाला समोर न बसवता.